चढत्या चंद्राची माडी

एव्हेलियो मोंतोयाने कालार्का गावात दुसऱ्यांच्या घरांवर सत्तावीस माड्या चढवल्या. स्वतःच्या घरावर मात्र एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! त्याच्या माड्या बांबूच्या सांगाड्याच्या आणि कुडाच्या. माती आणि घोड्याची लीद कालवून लिंपलेल्या, अंगाने हलक्या. भूकंपात हलतील, पण मोडायच्या नाहीत. काँक्रीटवाल्यांना तो तोंडावर म्हणायचा, "वर दगड कशाला ठेवता रे, खाली माणसं राहतात ना?"

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या माडीची वेळ आली, ती लेकीमुळे. तिचं नाव लुस दारी, घरी सगळे दारीच म्हणत. ती नवऱ्यापासून वेगळी होऊन पाच वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी आली होती. चार महिने आईबापाच्या शेजारी अंथरूण टाकून कंटाळली. त्यात माद्रिदहून मामेबहिणीचा निरोप आला, कामाला ये. दारीने सरळ सांगितलं, "बाबा, वर माझं वेगळं बिऱ्हाड झालं, वेगळा जिना झाला, तर राहते. ऑगस्टपर्यंत झालं नाही तर मी चालले."

नात आता कुठे त्याच्या मागे मागे करवत धरायला शिकत होती. एव्हेलियोने त्याच रात्री कोयत्याला धार लावली.

बांबू तोडायचा तो उतरत्या चंद्रात, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. चंद्र चढत असला की बांबूत रस चढतो, आणि रसाला कीड लागते. तोडल्यावर तो महिनोन्‌महिने सुकवायचाही असतो. एव्हेलियोपाशी तेवढे दिवस नव्हते. तो कोयता घेऊन बनात शिरला तेव्हा कामातला जोडीदार ओव्हिदिओने कपाळावर हात मारला.

"अरे, चंद्र फुगतोय रोज! तूच शिकवलंस ना आम्हाला?"

"गप्प बस. तुझ्याकडे अक्कल उसनी मागितलेली नाही."

"बरं बाबा. किडे पंगतीला बसले की मला वाढायला बोलावू नकोस म्हणजे झालं!"

किडीच्या औषधाच्या हौदातही बांबू नीट मुरू दिला नाही. जुलैअखेर माडी उभी राहिली. जुनी कौलं, पावसाचं पाणी साठवायचं पिंप, पूर्वेला मोठी खिडकी. दारीने पडदे लावले. माद्रिदचं नाव पुन्हा निघालं नाही. नोहेलिया, त्याची बायको, सकाळी खालूनच ओरडायची, "पोरीला पाठव गं, मक्याचे आरेपा गार होतायत!" एव्हेलियोला वाटायचं, जिंकलो.

नोव्हेंबरात नातीच्या पलंगाखाली पिवळं पीठ दिसलं. त्याने ते बोटावर घेतलं. बांबू आतून पोखरला जात होता. दुसऱ्या दिवसापासून दारी कामावर गेली की म्हातारा वर जाऊन केर काढू लागला. नोहेलियाने टोमणा मारला, "चाळीस वर्षांत हातात केरसुणी धरली नाहीत, आता काय लेकीची मोलकरीण झालात?" तो तसाच केर काढत राहिला. पण एका दुपारी त्याने जिन्याजवळच्या खांबावर मूठ आपटली आणि आवाज पोकळ आला. तो खांब छताचा भार घेत होता. त्याच छताखाली नात झोपायची. एव्हेलियोला स्वतःची शिसारी आली.

दारी घरी आल्या आल्या त्याने तिला खांबापाशी नेलं.

"चढत्या चंद्रात तोडला गं मी. कळत होतं, तरी तोडला. तू जाशील या भीतीने माझी मतीच मारली गेली. खांब बदलायला हवेत सगळे. चार-पाच महिने माडी मोकळी ठेवावी लागेल. तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही."

दारीने खांबावरून हात फिरवला. बोटांना पीठ लागलं.

"लहानपणापासून तुमच्याबरोबर बनात हिंडलेय मी. त्या आठवड्यात मला चंद्र दिसला नसेल असं वाटतं तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात. आणि ऑगस्टात शब्दाला जागून मला निघावं लागलं असतं." तिने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. "जायचं माझ्याही जिवावर आलं होतं, बाबा."