साडूंची परवानगीची यादी

आमच्या साडूंइतका 'सगळे' या शब्दाला घाबरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. मुलीच्या लग्नपत्रिकेवरचं 'सहपरिवार' त्यांनी खोडलं आणि देऊळघाटात घरोघर विचारून प्रत्येक पत्रिकेवर माणसांची नावं लिहिली. "परिवार म्हंजे कोन कोन? उद्या अर्धं देऊळघाट पंगतीत येऊन बसन!" पत्रिका लग्नाच्या आदल्या दिवशी पोचल्या, पण तान्ह्या पोरांचीही नावं बरोबर होती. वायफायचा पासवर्ड ते पाहुण्याचा फोन हातात घेऊन स्वतः टाकत आणि पाहुणा फाटकाबाहेर पडला की बदलत. सासऱ्यांनाही सूट नव्हती.

आम्ही दोघं पुण्याच्या एका कंपनीचं काम बुलढाण्यात एकाच खोलीत बसून करायचो. कंटेनरांचा, म्हणजे सुट्या डब्यांत चालणाऱ्या प्रोग्रामांचा, मोठा क्लस्टर होता; अनेक संगणकांचा जथाच. त्याचा कारभार पाहणारा एपीआय सर्व्हर साडूंच्या ताब्यात. दुसऱ्या पत्त्यावरच्या वेबपानाला ब्राउझरमधून त्या सर्व्हरशी बोलायचं, तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्या पानाचा पत्ता परवानगी म्हणून लिहावा लागतो. साडू एकेक पत्ता लिहीत, मोठ्यानं वाचत, मग मला वाचायला लावत. "टिंब पाह्य, साडूभाऊ. एका टिंबातूनही परका घुसते."

एकदा ते संग्रामपूरला बारशाला गेले. इकडे ग्राहकाचं नवं पान उघडेना, फोनवर फोन. अडीनडीला म्हणून जगात फक्त मलाच दिलेला त्यांचा सर्व्हरचा पासवर्ड मी वापरला, सगळे पत्ते पुसले आणि 'कुठूनही या' अशी खूण टाकली. पान उघडलं. नंतर नीट करू म्हटलं, आणि केलं नाही.

महिन्याभरानं तपासणीत ते सापडलं. पुण्याच्या साहेबांनी विचारलं, "हे कोणी केलं?" बदलाच्या नोंदीवर साडूंचं नाव होतं. मी टेबलाकडे पाहत राहिलो.

"माह्या नावानं आहे, त मीच केलं असन," साडू म्हणाले.

सर्व्हर त्यांच्याकडून गेला. त्यांना तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. मला वाटलं, त्यांनी ओळखलं आणि मला पाठीशी घातलं. त्या उपकाराच्या आड मी दोन वर्षं गप्प राहिलो.

गेल्या रविवारी सगळं खरं लिहून काढलं. पुण्याला धाडण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. शिव्या खायची तयारी होती.

"म्हंजे," ते म्हणाले, "ते मी नोतं केलं?"

"नाही, भाऊ."

"मले काई आठवतच नोतं, बाप्पा. दोन सालापासून वाटून राह्यलं, माह्यं डोकंच गेलं. म्हणून त सर्व्हर परत मांगतला नाई."

मग आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, त्यांनी हाक मारली, "ऐकलं काय वं? मी इसरलो नोतो!"

आवाजात रागाचा टिपूसही नव्हता. नुसता आनंद होता, आणि तोच मला ऐकवेना.