आतली साय

पुतळा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. बोंबलासारखा लिबलिबीत मासाही न फाटता साफ करणारे तिचे हात गावात नावाजलेले. खांदा धरला, डोक्यावरची मासळीची पाटी सुटली, तेव्हा ती जवळच्या पावणे गावातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली.

तिथे डॉक्टर बतूल एका पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या छोट्याशा तुकड्यावर, काम करत होत्या. बोकडाच्या धमनीची इवलीशी कडी कापून कोमट खाऱ्या पाण्यात दोन हुकांवर टांगायची, औषधाने आवळायची, मग त्यात पेप्टाइड सोडायचं. पुतळाने एकदा विचारलं तेव्हा त्यांनी कौतुकाने समजावलं होतं. "नळीच्या आत पेशींचं एकपदरी अस्तर असतं. पेप्टाइड त्याला येऊन चिकटतं. मग अस्तर एक वायू सोडतं, त्याने भोवतीचा स्नायू सैल पडतो आणि नळी रुंदावते. रक्ताला वाट मोकळी!"

पण तीन आठवडे कडी सैल पडेना. अस्तर शाबूत आहे का हे तपासायचं नेहमीचं औषधही चालेना. "अस्तरच मरतंय. माल शिळा येतोय," बतूल वैतागल्या. खाटीक बदलला, बर्फ वाढवला. काही फरक नाही.

शेवटी पुतळाला राहवेना.

"म्याडम, बोलू का? दोष मटनाचा न्हाय, हाताचा हाय. प्रसादभाऊ चिमटा नळीत घालून वढतात. आतली साय खरवडून जाते."

प्रसाद तिथला तंत्रज्ञ. तो हसला. "मावशी, तुमी बाटल्या बघा ना."

बतूल मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कात्री पुतळापुढे धरली. "दाखवा कापून."

पुतळाने धमनी बाहेरच्या चरबीला धरूनच उचलली. न दाबता कापली, आत कुठे घासू न देता कडी हुकांवर सरकवली. बतूलनी ती औषधाने आवळली, मग पेप्टाइडचा थेंब सोडला. कडीचा ताण दाखवणारी पडद्यावरची रेघ क्षणभर तशीच राहिली, मग घसरली ती थेट खाली! कडी सैल पडली होती.

खात्री करायला बतूलनी दुसऱ्या कडीचं अस्तर मुद्दाम कापसाने पुसलं. ती कडी ढिम्म हलली नाही.

"मावशी, चुकलंच माझं," प्रसाद म्हणाला. "मला शिकवाल?"

"शिकवीन की. पन आधी नखं काप."

आता तिथे नवा माणूस आला की पहिला आठवडा तो पुतळाच्या हाताखाली असतो. बतूलच्या शोधनिबंधात तिचं नाव छापून आलं. ओळखपत्रावर 'तंत्र सहायक' असं आलं, त्या दिवशी तिने ते गळ्यातून काढलंच नाही. तसंच मिरवत, ताठ मानेने, ती सारसोळ्यात शिरली.