चव्वेचाळीस डिग्रीत जॅकेट

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी मी ऑफिसला निघतच होते, तेवढ्यात खो-खोच्या उन्हाळी शिबिरातून सरांचा फोन आला. "स्वराला चक्कर आलीय, काळजीचं काही नाही, पण तुम्ही या." गाडी कशी चालवली ते आठवत नाही...

जळगावचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. सकाळी नऊलाच डांबर मऊ पडायला लागतं. अशा उन्हात माझी अकरा वर्षांची लेक कडुनिंबाखाली आडवी पडलेली, चेहरा लालभडक, आणि अंगावर गळ्यापर्यंत चेन लावलेलं जीन्सचं जॅकेट!

सर म्हणाले, "मॅडम, दहा वेळा सांगितलं काढ म्हणून. ऐकतच नाही." मी चेन खाली ओढायला गेले तर तिने दोन्ही हातांनी कॉलर घट्ट धरली. तशा अवस्थेतही.

महिनाभर ते जॅकेट मी बघत होते. मला वाटायचं, फॅशन असेल... मुलींचं काहीतरी चालू असतंच.

घरी आणलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या तिला विचारलं, "कुणी काही बोललं का बाळा? कुणी चिडवलं?" मनातल्या मनात मी शिबिरातल्या पोरांना, व्हॅनवाल्याला, शेजारच्यांना उभं-आडवं घेतलं होतं.

ती छताकडे बघत म्हणाली, "तूच तर म्हणालीस..."

मी?

हो, मीच. होळीच्या दिवशी पाहुणे आले होते. ती बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये पाणी द्यायला बाहेर निघाली आणि मी स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात म्हटलं होतं, "अगं, वरून काहीतरी घाल. मोठी झालीस आता." एवढंच. मी विसरूनही गेले होते. तिने मात्र मनाशी पक्कं केलं की आपल्या अंगात काहीतरी चुकीचं सुरू झालंय आणि ते झाकून ठेवायचं असतं.

मला माझ्या आईची आठवण झाली. मलाही हेच सांगितलं होतं, याच वयात, याच स्वरात. मी सातवीत कबड्डी सोडली, ती का सोडली हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

त्या दुपारी मी लेकीची माफी मागितली. अगदी शब्दांत. "मी चुकले. तुझ्यात काहीच चुकीचं नाही. अंग वाढतं, बदलतं, सगळ्यांचं. त्यासाठी लाजायचं नाही, आणि उन्हात भाजून तर अजिबात घ्यायचं नाही." तिने कूस बदलून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

संध्याकाळी आम्ही दोघी कापडाच्या दुकानात गेलो. कापड तिने निवडलं... मऊ सुती, फिकट रंगांचं. आमच्या टेलरताईंनी सैल, हवा खेळेल असे चार फ्रॉक शिवले, बिनबाह्यांचे. आत घालायला पातळ सुती स्लिप घेतल्या, त्याही तिला विचारून, तिला सोयीच्या वाटतील तशा. उन्हात जायचं तर टोपी आणि पांढरा सुती रुमाल. उन्हासाठी झाकायचं, लोकांसाठी नाही, हा फरक तिला एका वाक्यात कळला. मला कळायला चाळीस वर्षं लागली.

आणि मग मागच्या रविवारी फैजपूरला नणंदेकडे वास्तुशांत होती.

स्वरा पिवळ्या फ्रॉकमध्ये. मांडवात पाऊल ठेवलं नाही तोच अक्का, म्हणजे याच माझ्या मोठ्या नणंदबाई, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अवो सुनीता, पोरगी आता लहान राह्यली का? चार मानसं येतीन-जातीन. काई ओढनी-बिढनी टाक तिच्या अंगावर."

लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी अक्कांना कधी उलटून बोलले नाही. त्या दिवशी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं... पण माझ्याआधी स्वराच बोलली. "आत्या, मला जॅकेटमुळे चक्कर आली होती. आता मी उन्हाळ्यात असंच घालणार."

 नजर खाली नव्हती.

मी म्हटलं, "अक्का, ज्यांना बघवत नसेल त्यांनी दुसरीकडे बघावं. माझी लेक घाम पुसत बसणार नाही." पंगतीत वरण-बट्टी वाढणारे हात क्षणभर थांबले. अक्का तोंड वळवून आत निघून गेल्या.

मला वाटलं, झालं, आता वर्षभराचा अबोला.

थोड्या वेळाने माझा पदर कुणीतरी ओढला. अक्कांची धाकटी लेक, गार्गी, सातवीतली. अंगात जाळीची जड घागरा-चोळी, मानेवर घामोळ्यांचं लाल जाळं. हळूच म्हणाली, "मामी, स्वराचा अजून एक फ्रॉक आहे का? मला फार टोचतंय..."

होता, पिशवीत जादाचा आणलेला. गार्गी तो घालून बाहेर आली तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मानेवरची घामोळी पाहिली.  मग गार्गीच्या केसांचा घट्ट अंबाडा सोडून उंच पोनी बांधून दिली आणि एवढंच म्हणाल्या, "जा, खेय जा."

माफी नाही, कबुली नाही. मला ती नकोही होती. दोन्ही पोरी खेळायला केळीच्या बागेकडे पळत सुटल्या होत्या.

आयांनो, आपल्याला जे सांगितलं गेलं ते आपण पुढे सांगितलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या घरात तो निरोप माझ्यापाशी थांबला. स्वरा, तू त्या दिवशी आत्याला आधी उत्तर दिलंस... त्याबद्दल तुझ्या आईकडून मनापासून थँक यू.