वाकळेत डोक्याकडे कोण, पायाकडे कोण

वाकळ शिवायला बसलं की चिंध्या कमी पडतात, किस्से कधीच कमी पडत नाहीत. कुंडलला माझ्या आत्याच्या घरी, पुढच्या सोप्यावर, दुपारची जेवणं उरकली की बायका जमतात. गावोगावच्या ऑर्डरी असतात. लोक घरातले जुने कपडे पाठवतात, आम्ही त्यांची वाकळ करून देतो. वाकळ म्हणजे गोधडीच, पण आत्यासमोर गोधडी म्हटलं तर ती ऐकू न आल्यासारखं करते.

मी सांगलीला एम.ए. केलं, म्हणून माझ्याकडे मांडणी. कुठलं कापड कुठं येणार, ते मोबाईलवर चित्र काढून ठरवायचं. शिवायला मला कुणी फारसं बसवत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातली सुई पडते.

या महिन्यात मात्र माझीच वाकळ शिवायला घ्यायची होती. माझं लग्न वाईला ठरलंय. दोन्ही घरचे कपडे घालून एक वाकळ करायची, असं आत्याने ठरवलं आणि वाईहून होणाऱ्या सासूबाईंनी पिशवी पाठवली. मऊ झालेल्या सुती साड्या, एक धोतर, नवऱ्याचा शाळेतला शर्ट. आणि सगळ्यांत खाली एक पोपटी सिल्कची साडी. घडीसुद्धा न मोडलेली.

मी साडी परत पिशवीत टाकली, जणू ती चावणार होती.

"चुकून आली आसंल," आत्या म्हणाली.

"चुकून न्हाई," शेजारच्या शालनकाकी म्हणाल्या. "परीक्षा हाय. कापलीस तर उधळी, न्हाई कापलीस तर आमच्या कापडाला नाक मुरडलंस."

झालं. तेव्हापासून ती साडी पिशवीसकट खुंटीला, आणि माझा जीव टांगणीला.

*

मला धीर यावा म्हणून शालनकाकींनी आपल्या सासऱ्यांची गोष्ट काढली. त्यांनी एकदा सासऱ्यांची जुनी बंडी वाकळेत घातली. खिसा उसवायचा कंटाळा, म्हणून खिशासकट. म्हाताऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्या खिशात तंबाखूची पिशवी ठेवली, चुन्याची डबी ठेवली. झोपेतून उठलं की हात थेट तिथं.

ती वाकळ विरली. काकींनी दुसरी केली, चांगली रंग जुळवून, माझ्याकडून मांडणी काढून घेऊन. सासऱ्यांनी ती चारही बाजूंनी चाचपली आणि विचारलं,

"खिसा न्हाई? मग ही वाकळ हाय का चादर?"

*

रंग जुळवण्यावरून माझीही एकदा फजिती व्हायची होती. पुण्याच्या एका बाईंना पेस्टल रंगांत वाकळ हवी होती. मी घाबरत घाबरत सोप्यावर सांगितलं.

"पेस्टल म्हंजी काय गं?" आत्याने विचारलं.

"फिकट रंग. अगदी हलके."

आत्याने समोरच्या ढिगाकडे पाहिलं. "ह्ये समदं धुऊन धुऊन पेस्टलच झालंय की."

बाईंना वाकळ फार आवडली. त्यांनी विचारलंय, या शेड्स कुठून आणता?

*

मांडणी अवघड का असते, ते मला सुभेदारांच्या वाकळेनं शिकवलं. सुभेदार म्हणजे आमच्या गल्लीतले, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी आपला वर्दीचा जुना शर्ट दिला आणि आईचं जपून ठेवलेलं लुगडं दिलं. मी सिमेट्री म्हणून एका टोकाला शर्ट घेतला, दुसऱ्या टोकाला लुगडं. दिसायला सुरेख.

वाकळ पुरी झाली तेव्हा आत्या एकदम थांबली. "सायले, वर्दी पायाशी घातलीस व्हय गं?"

वर्दीला पाय लावायचा नाही, देवाच्या कापडाला नाही, थोरांच्या कापडाला नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मोबाईलवरच्या चित्राला पाय नसतात.

तेवढ्यात सुभेदार बायकोसकट हजर. मी रडायच्या बेतात. त्यांनी वाकळ पाहिली, मिशीवरून हात फिरवला. "नो प्रॉब्लेम. मी उलटीकडं डोकं करतो."

"करा की," त्यांची बायको म्हणाली. "मग सासूबाईंचं लुगडं येतंय तुमच्या पायाशी. तेवढं बघा."

सुभेदारांनी वाकळ एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवून पाहिली. मी उसवून देते म्हटलं, तर नको म्हणाले आणि घेऊन गेले. पुढं एकदा रस्त्यात भेटले तेव्हा मी भीत भीत विचारलं, वाकळ कशी आहे?

"आडवी पांघरतो," ते म्हणाले. "पाय गारठत्यात, पर घरात शांतता हाय."

*

दोन जावांची वाकळही आमच्याकडेच झाली. सासूने दोघींच्या साड्या पाठवल्या होत्या. मागोमाग थोरलीचा फोन आला: धाकटीच्या तुकड्याला माझा तुकडा टेकवायचा नाही. मग धाकटीचा आला, तोच निरोप. वाकळ एकच, टेकणार नाही कशी? मी चित्रं काढून काढून थकले.

शेवटी आत्यानेच तोडगा काढला. जिथं जिथं दोघी शेजारी येत होत्या, तिथं मध्ये सासूच्या लुगड्याची पट्टी.

"मग भांडण मिटलं?" मी नंतर विचारलं.

"मिटलं की. आता दोघी मिळून सासूला बोलत्यात."

*

एवढं सगळं ऐकून झालं तरी पोपटी साडी खुंटीलाच. निखिलला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला विचारलं, तर म्हणे, "कुठली साडी?" सिल्क सुईखाली घसरतं हे कारण सांगून परत पाठवावी, असं मी ठरवत होते. पण तसं सांगितलं, तर वाईच्या घरी मी पाय टाकण्याआधीच कारणं देणारी ठरणार होते.

त्याच दुपारी फोन वाजला. सासूबाईच. माझ्या हातातली कात्री पडली. उचलताना फोन स्पीकरवर गेला आणि सोप्यावरच्या सगळ्या सुया थांबल्या.

"काय गं सायली, पिशवी मिळाली ना? झाली का सुरुवात?"

"काकू, त्यात एक पोपटी सिल्कची साडी आहे. नवीच आहे. चुकून आली असेल, तर मी जपून..."

"चुकून नाही."

शालनकाकींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"आमच्या वन्संनी दिलीय," सासूबाई म्हणाल्या. "वास्तुशांतीला. भरल्या घरात म्हणाल्या होत्या, 'वहिनी, तुमच्या रंगाला दुसरं काही शोभतच नाही, म्हणून हीच घेतली.'"

मी साडी खुंटीवरून काढली. "मग... कापू ना?"

"काप की. त्यासाठीच पाठवली."

एवढे दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी हसले असणार, कारण पलीकडे त्याही हसल्या. मग त्यांनीच विचारलं,

"सायली, तुम्ही ते बघता ना गं? डोक्याकडे कुणाचं, पायाकडे कुणाचं?"

"हो काकू. फार बघतो."

"मग पायाकडे लाव. आणि तुकडा जरा मोठा घे."