माझ्या डोक्यातली ऊ

"तुझ्या डोक्यात ऊ असेल ना गं?" मॅडमनी विचारलं. चहाच्या वेळी. सगळ्यांसमोर.

मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवते. एम.एस्सी. झालेली. आळेफाट्याजवळच्या एका जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. मॅडम तिथल्या प्रमुख. दुसऱ्या दिवशी देणगीदार येणार होते. त्यांना पडद्यावर काहीतरी अंगावर येणारं दाखवायचं होतं. परागकण नको, बुरशी नको. ऊ.

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. मॅडम म्हणाल्या, "सुट्टीला गावी, मढला गेली होतीस ना? तुमच्या आदिवासी वाडीत घरोघरी असतात."

मॅडमनी हातमोजे घातले. मला स्टुलावर बसवलं, मांडीवर पांढरा कागद ठेवला, माझी वेणी सोडली. फणी फिरत होती आणि मी कागदाकडे बघत होते. पडू नये. पडू नये.

पडली. एका तुटलेल्या केसाला धरून वळवळत होती. कुणीतरी टाळी वाजवली.

मशीन माझं, म्हणून नमुनाही मीच तयार करायचा. मी तिला केसासकट वाळवलं, धातूच्या बारक्या चकतीवर चिकटवलं, वर सोन्याचा पातळ थर चढवला. तशी रीतच आहे, सोन्याशिवाय चित्र स्वच्छ येत नाही. माझ्या आईच्या अंगावर गुंजभर सोनं कधी चढलं नाही.

मग पडदा. राखाडी. म्हशीएवढं तोंड. पायाला आकड्यासारखी नखी आणि नखीत केस, झाडाच्या खोडासारखा, सालपटं सुटलेला.

तो केस माझा होता.

देणगीदार खूश झाले. फोटो मोठा करून जिन्यात लावला. खाली लिहिलं, 'ऊ आणि आदिवासी मुलीचा केस'. रोज त्याच्यासमोरून चढायचं. पुढं ते तोंड जिना सोडून माझ्या मागं यायला लागलं. भात कालवताना दिसायचं. एसटीच्या काचेत दिसायचं. डोक्यावर सारखं काहीतरी चालतंय असं वाटायचं. डोकं जळेपर्यंत औषधं लावली. शेवटी केस कापून टाकले. तरी ते चालणं थांबलं नाही.

दिवाळीला आई तेलाची वाटी घेऊन मागं बसली. तिचा हात लागला आणि मी किंचाळून उठले. तळहातावरचं तेल आईनं आपल्याच पांढऱ्या केसांना पुसलं. मग म्हणाली, "कोन काय बोललं का तुला?" मी न्हाई म्हणाले.

नंतर आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका आश्रमशाळेच्या मुली मशीन बघायला आल्या. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. जिन्यात एकीनं फोटोखालचं मोठ्यानं वाचलं. 'आदिवासी' या शब्दापाशी थांबली. स्वतःची वेणी मुठीत धरली.

पडद्यावर दाखवायला ऊ हवी म्हणून मॅडमनी तिलाच स्टुलावर बसवलं आणि फणी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तू काढ. तुमच्यातलीच आहे, लाजायची नाही."

मुलीनं मान खाली घातली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून घातली. ती वाकलेली मान बघितली आणि माझ्या हातातून फणी गळाली.

"मी न्हाई काढणार." प्रयोगशाळेत कधी न बोललेली घरची बोली तोंडातून निघाली. "हिला इचारलं का कुनी? मला तरी इचारलं व्हतं का?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, विज्ञानात एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.

"मग तुमचा केस द्या. खाली तुमची जात लिहू."

मी मुलीला उठवलं. जिन्यात गेले, फोटो उतरवला, सगळ्या मुलींच्या देखत.

मशीनची खोली आता मला बंद आहे. काचेची भांडी धुवायला दिलीत. ते तोंड अजून येतं. भांड्याच्या काचेत येतं, नळाच्या पाण्यात येतं. मी कंटाळून निघून जाईन, याची मॅडम वाट बघतायत.

मी जाणार नाही. प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केलीय, माझ्या नावानं. कुणाच्या अंगावरचा कणसुद्धा त्या मशीनखाली जाणार असेल, तर आधी त्या माणसाला विचारायचं. तो नाही म्हणाला तर हात मागं घ्यायचा. हे कबूल करून घेतल्याशिवाय मी या इमारतीतून हलत नाही.