आईच्या वाढदिवसाची एकादशी

आमच्या घरी वाढदिवस मुलांचे होत. पाटावर बसवायचं, ओवाळायचं, गोडाचा शिरा करायचा, संपलं. आईलाही वाढदिवस असतो हे बाबांच्या लक्षात आलं ते तारापूरला आल्यावर. तिथे वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि बाबा त्यावर सुपरवायझर होते. एकदा त्यांच्या गोऱ्या साहेबानं बायकोच्या वाढदिवसाला सगळ्यांना केक वाटला. बाबा कागदात गुंडाळलेला तुकडा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "आपणही तुझा करायचा. मुंबईला जाऊन. त्या दिवशी तू चुलीकडे बघायचंसुद्धा नाही."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" आई म्हणाली. पण हसली.

आईला जन्मतारीख ठाऊक नव्हती. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, एवढंच तिची आई सांगायची. बाबांना तेवढं पुरलं. रविवार म्हणजे सुट्टीचाच वार. गिरगावातल्या एका खाणावळीत श्रीखंड-पुरीचं ताट मिळतं, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं. आठवडाभर ते त्या ताटाबद्दलच बोलत होते. "आयुष्यात एकदा तरी हिनं दुसऱ्याच्या हातचं गरम खावं," असं मला हळूच म्हणाले.

मी तेव्हा मामांकडे राहून, इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन नुकतीच घरी परतले होते. बोलण्यापेक्षा बघणं मला सोपं जायचं.

रविवारी सकाळी बोईसरच्या फलाटावर चिकूच्या करंड्या रचून ठेवल्या होत्या. बाबा तिकिटाच्या खिडकीशी गेले होते. तेवढ्यात आमच्या दारावर मासे घेऊन येणारी दांडी गावची कोळीण समोर आली. पाटी रिकामी, हात हलवत.

"वयनी, नवं लुगडं नेसून कुटं चालल्या?"

"मुंबईला. आज माझा वाढदिवस आहे," आई लाजत म्हणाली.

"अगो बाय! नि आज तर एकादस हाय. तुमी खानार काय?"

एकादशीला तिचा धंदा बसायचा, त्यामुळे हे तिच्या लक्षात असणारच. आईनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मग माझ्याकडे वळली.

"ह्यांना सांगू नकोस. कळलं तर इथूनच परत फिरतील."

"पण ते ताट?"

"बघू तिथे."

धाकट्या बहिणीनं काही ऐकलं नसावं, असं मला वाटलं. ती करंड्यांमधून चिकू दिसतात का ते बघत होती. गाडीत आईनं खिडकीकडे तोंड करून पिशवीतले शेंगदाणे आणि गूळ खाल्ला. बाबा समोर बसून श्रीखंडात केशर असतं की नुसता रंग, यावर बोलत होते. मी बाहेर बघत राहिले.

खाणावळीत चार ताटं आली. पुऱ्या टम्म फुगलेल्या होत्या. आईनं वाटी पुढे ओढली, बाहेरच्या श्रीखंडात काय घातलं असेल या शंकेनं ते चमच्यानं नुसतं इकडचं तिकडे केलं आणि बाबांची नजर वळताच एक पुरी बहिणीच्या ताटात सरकवली. मग दुसरी.

"तुझ्या पुऱ्या कुठे गेल्या?" बाबांनी विचारलं.

"माझ्याकडे," बहीण भरल्या तोंडानं म्हणाली. "आईची एकादशी आहे ना! कोळीणमावशी म्हणाली."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका पडला की मला ताटाकडेच बघावंसं वाटलं. त्यांनी वाढप्याला बोलावून साबुदाण्याची खिचडी मागितली.

"केव्हाच संपली. आज एकादशी आहे, साहेब," तो म्हणाला.

"मग मीही जेवत नाही."

"अहो, तुम्ही उठलात तर मी पुढच्या गाडीनं एकटी घरी जाईन," आई म्हणाली. "वाढदिवस माझा आहे. माझं ऐकायचं."

बाबा जेवले, पण केशराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

दुपारी चौपाटीकडे चालत निघालो. कोपऱ्यावर एका पारशाचं आइस्क्रीमचं दुकान होतं. पाटीवर चिकूचं चित्र. बाबा थबकले.

"आइस्क्रीम चालेल की. दूध, साखर, फळ."

"त्यात अंडं घालतात म्हणे," आई म्हणाली. "नाहीतर पीठ."

"विचारू या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "जा. तुला इंग्रजी येतं."

गल्ल्यावर जाडजूड म्हातारा बसला होता. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत गेले आणि समोर उभी राहिल्यावर ते सगळं विसरले. बाबांचा तो पडलेला चेहरा मात्र आठवला.

"यात अंडं आहे का?" मी मराठीतच विचारलं, आणि मला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं. दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"नहीं, डिकरी. दूध, साकर, चीकू. बस."

"आणि पीठ?"

"पीठ डालेगा तो मेरा बाप ऊपर से आके मारेगा! क्यूं, उपास है?"

"आईचा. आणि तिचा वाढदिवसही आहे."

अनोळखी माणसाला आपण होऊन मी घरचं काही सांगितलं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. तो खुर्चीतून उठला आणि स्वतः बशी भरून टेबलावर घेऊन आला. आमच्या बश्या अजून यायच्या होत्या.

आई थांबली. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास घ्यायची तिला सवयच नव्हती.

"वितळतंय, घे," बाबा म्हणाले.

आम्ही तिघं बघत असताना तिनं पहिला चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. मग म्हाताऱ्याला विचारलं, "चिकू कुठले?"

"डाहानू, घोलवड. गाडी से आता है."

"म्हणजे आमच्याच बाजूचे!" आई इतकी खूश झाली, जणू ते चिकू तिनंच पाठवले होते. बशी तिनं पुसून खाल्ली. कुणाला चमचाभर चाखायलाही दिलं नाही, आणि बहिणीनं मागूनही दिलं नाही.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी आधी पंचांग बघीन."

"बघा," आई म्हणाली. "आणि एकादशीच धरा."