आधी मॅडम पडल्या

आधी हमिदा आपाचं नाव लिहिते. पुसदच्या बाजारात तिचं गादीचं दुकान आहे. ती नसती तर मी आजही कोणाच्या तरी लाथेपुढं पॅड धरून उभी असती. तिचं नाव पहिलं लिहिलं, कारण पुढचं लिहिताना मधातच सोडून देईन अशी भीती वाटते.

आता झालं ते.

हॉल भरलेला. खुर्च्यांवर पालक, समोर पाहुणे, गळ्यात हार. मी मधात उभी. छातीशी पॅड, दोन्ही हातांनी धरलेलं. समोर एका कापसाच्या जिनिंग मिलवाल्याची पोरगी. पांढरा ड्रेस, कमरेले लाल पट्टा. तिनं किक मारली. धप्प आवाज झाला. मी हलली नाही. दुसरी मारली. मी हलली नाही. तिसरीच्या वेळी तिचाच तोल गेला अन् मागं कोणीतरी खी खी हसलं.

तायक्वांदोचे सर माझ्या मागून आले. पाहुण्यांकडं पाहून हसत हसत माझ्या कानाशी वाकले.

"पड ना. पाहुणे पाहून राह्यले."

चौथी किक आली. मी पडली.

टाळ्या. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीले सांगत होती, "जंगलातली आहे ती. त्यांले लागत नाही." आवाज कमी करावा असंही तिले वाटलं नाही. मी तिच्या चपलेपासून दोन हातांवर फरशीवर होती.

लागत होतं, बाई. आठ महिन्यांपासून लागत होतं. बरगडीवर हिरवं-निळं झालं होतं. पण तिथं ते सांगायचं नसते, एवढं मले कळत होतं.

मी मारेगावकडची. आमचा कोलामांचा पोड, जंगलातली वीस-बावीस घरांची वस्ती. पुसदवरून घरी जायचं तर यवतमाळले गाडी बदला, मग मारेगाव, मग पायी. दिवस जाते. आई आजारी पडली तेव्हा सातवीत शाळा सुटली. पाच-सहा वर्षं लोकांच्या पऱ्हाटीत वाकून कापूस वेचला. मग एका नर्सबाईच्या ओळखीनं पुसदले आपाच्या दुकानात आली. एकोणीस वर्षांची होती तेव्हा.

तयार गाद्या हातगाडीवर घालून घरोघरी पोचवायचं काम माझं. एकदा बसस्टँडजवळ एका माणसानं माझं मनगट धरलं. हसत होता. भर दुपारी, माणसं आजूबाजूले. मी ओरडली नाही. ओरडताच येईना. हात सोडला त्यानं, त्याले वाटलं तेव्हा. त्या दिवसापासून हातगाडी घेतली का बसस्टँड टाळायची. रस्ते बदलून जायची. एक गादी पोचवायले दोन-दोन तास लावायची.

त्याच दिवसांत सरांच्या हॉलमध्ये गाद्या पोचवायले गेली. पोरी किक मारून राह्यल्या होत्या, अन् प्रत्येक किकबरोबर ओरडत होत्या. पोटातून. मी दारातच थांबली. मले तो आवाज पाहिजे होता.

सरांले विचारलं. त्यांनी भिंतीपाशी नेलं. तिथं खडूच्या रेघा होत्या, कोणाचा पाय कुठवर जाते त्याच्या. माझा पाय कमरेच्या वर गेला नाही. परत केला. नाही गेला. माझे पाय आखूड आहेत, जाड आहेत, आईसारखे. पोरी हसल्या. सरही हसले.

"पाय वर जात नाही ना? मग पॅड धर."

मी खुश झाली, खोटं कायले बोलू. मले वाटलं, धरता धरता शिकवतील. झाडू मारायची, पॅड धरायची. आठ महिने. मले एकही किक कोणी शिकवली नाही, अन् ओरडायले तर कोणी सांगितलंच नाही. पॅडमागच्या माणसानं ओरडायचं नसते.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गादी पलटवताना बरगडीत कळ आली अन् मी विव्हळली. आपानं सुई खाली ठेवली. कुर्ता वर करून पाहिलं. मग विचारलं, अन् मी सगळं सांगितलं. सर पड म्हणाले तेही. मले वाटलं आपा रडेल, नाहीतर सरांले शिव्या घालेल. तिनं समोरच्या भरलेल्या डबल गादीकडं बोट केलं.

"पलटा."

पलटवली.

"फिर से पलटा. इस बार खुद को देख."

भरलेली डबल गादी एकटीनं पलटवणं हे हाताचं काम नाही. हातानं ओढली तर खोळ फाटते. खाली वाकायचं, गुडघे दुमडायचे, कंबर गादीच्या खाली घालायची अन् आपण वळायचं. आपण वळलो का गादी वळते. मी हे रोज दहा वेळा करत होती. कोणी शिकवलं नव्हतं. वाकायची सवय पऱ्हाटीतली, बाकी अंगानंच काढलं होतं.

"उसका पैर ऊंचा है, तेरी कमर नीची है," आपा म्हणाली. "तू उसके खेल में कायकू मर रही?"

आपाच्या अब्बाची तालीम होती, पुसदातच. लहानपणी ती आखाड्याची माती भिजवायले पाणी न्यायची. दारापर्यंत. आत पाय ठेवायची परवानगी नव्हती. दारातून पाहून पाहून तिले कळायचं, कोणता पोरगा कंबरेचा, कोणता खांद्याचा, कोण नुसताच मिशीचा. हे तिनं मले एकदाच सांगितलं. परत विचारलं तर म्हणाली, रुई भर.

महिन्याभरानं सरांच्या हॉलमध्ये पट्ट्यांचा कार्यक्रम होता. मी गेली. काहून गेली ते आजही नीट सांगता येत नाही. सवय म्हणा. परत तेच पॅड, तीच पोरगी. सर कानाशी आले अन् म्हणाले, दुसरीलेच पडजो, पहिल्यासारखं लांबवू नको.

शूर वगैरे काही नव्हती मी. पॅड खाली ठेवलं.

"तुम्ही पडून दाखवा, सर. मग मी पडते."

आवाज चिरका निघाला, पण निघाला. जिनिंगवाल्याची पोरगी माझ्याकडं पाहून राह्यली होती, तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. सरांनी माझा दंड धरून मले बाहेर काढलं. चपला आतच राहिल्या. अनवाणी दुकानात आली.

संध्याकाळी सरांचा माणूस आला. हॉलसाठी सांगितलेल्या सगळ्या गाद्या रद्द. अर्ध्या भरून झाल्या होत्या. मी भीतीनं कोपऱ्यात बसली, का आता आपा मले घरी पाठवते. आपानं दुकानाचं शटर ओढलं अन् म्हणाली, उद्या दुपारी माझ्याबरोबर चाल.

आपाचे गुडघे गेलेले. पन्नास पावलं चालली का बसावं लागते. तशी ती मले घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाले गेली, एका शाळेत. तिथं एक मॅडम ज्युदो शिकवत. ज्युदोत लाथ नसते. कॉलर धरायची, जवळ जायचं, कंबर खाली घालायची अन् समोरच्याले उलटवायचं.

आपा त्यांले म्हणाली, "मेरी लडकी है. लात नहीं मार सकती. गद्दा पलटा सकती."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या कमरेकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं, कॉलर धरून ढकलून पाहिलं. मी हलली नाही. बरं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आज बाकी काही नाही. आज फक्त पडायचं."

माझ्या कानात सरांचं ते 'पड ना' वाजलं. मी वळली अन् चालायले लागली. फाटकाशी पायरीवर आपा बसलेली, गुडघे चोळत.

"क्या हुआ?"

म्हटलं, हेही पड म्हणते.

"उसकू पूछी? वो पडती क्या?"

परत गेली. सगळ्या पोरी पाहून राह्यलेल्या. विचारलं, "मॅडम, तुम्ही पडता का?"

मॅडमनं सगळ्यात बारकी पोरगी बोलावली, सहावीतली असेल, मॅडमच्या खांद्याइतकी. तिनं मॅडमची कॉलर धरली, वळली, अन् मॅडम तिच्यावरून जाऊन मॅटवर आदळल्या. धप्प. हात मॅटवर आपटला, उठल्या. परत. परत. दहा वेळा. केस सुटले, श्वास लागला. कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. तिथं ते रोजचंच होतं.

मग म्हणाल्या, "आता तू."

मी पडली.

याले तीन वर्षं झाली. मी काही मोठी खेळाडू नाही. दोन स्पर्धांत गेली, दोन्हीत हरली. एकदा तर अर्ध्या मिनिटात. अजूनही बसस्टँडजवळून हातगाडी नेताना मनगटाकडं लक्ष जाते. बसल्या जागीही पाय ज्युदोची पावलं टाकत शिलाई मशीनसारखे हलत राहते. आपा म्हणते, मशीन बंद कर. बंद होत नाही. होऊ नये असंही वाटते.

मागच्या आठवड्यात सर बाजारात भेटले. चार लोकांसमोर विचारलं, "काय, अजून पडतच आहे का?"

म्हटलं, "हो सर. रोज. तुमचं कधी?"

मी गाडी ढकलत पुढं गेली. रस्ता बदलला नाही.

आपाले मी काय देणार? ती घेतच नाही काही. पण मी ठरवलं आहे, अन् इथं लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही. पोरींची एक तालीम काढीन. गाद्या आपाच्या दुकानच्या राहतील. तिथं कोणतीच पोरगी नुसतं पॅड धरायले उभी राहणार नाही. अन् उघडायच्या दिवशी पहिला पाय आपाचा पडेल, दाराच्या आत. गुडघे वाकत नाहीत तिचे. नाही वाकले तरी चालते. ती नुसती माझी कॉलर धरेल अन् वळेल.

मी पडीन. तिच्या हातानं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं आता नाही.